रुवैसमधली बाखजयंती

अबू धाबीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं की मी निवृत्त कधी झाले. माझं वय एकोणतीस. त्यावर त्या म्हणाल्या, दरवर्षी तेच साठीचे इंजिनिअर लिहितात, मी उतरलो तेव्हा इथे नुसती वाळू होती. ती वाळू वाचून वाचून आता आमच्या डोळ्यांत जायला लागली आहे. तू तुझं ते कागदाचं लिही. म्हणून लिहिते. वाळूबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी इथेच जन्मले, आणि मला कळायला लागलं तेव्हापासून मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या दाराशी डिलिव्हरीच्या मोटारसायकली उभ्या आहेत.

आधी माझं काम सांगते, कारण पाच वर्षं झाली तरी आईला ते नातेवाइकांना सांगता येत नाही. ती म्हणते, "म्युझिकमध्ये आहे." लोक विचारतात, गाते का? नाही. वाजवते? नाही. मग आई चहा टाकायला उठते. तर आमची संस्था पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम करते. तुम्ही सभागृहात शिरता तेव्हा दारात एक मुलगी तुमच्या हातात घडी घातलेला कागद देते. आज काय वाजणार, कोण वाजवणार, ज्याने ते रचलं तो माणूस कोण होता, हे त्यावर असतं. तो कागद मी लिहिते. तुम्ही त्याने वारा घेता, त्यात च्युइंगगम गुंडाळता आणि जाताना तो खुर्चीवर ठेवून जाता. कार्यक्रम संपला की मी रांगांमधून फिरते आणि किती कागद मागे राहिले ते बघते. जो कागद कुणीतरी घरी नेला, ती माझी टाळी.

ही नोकरी मला पुण्यामुळे मिळाली. बी.ए.ला तिथे होते, हॉस्टेलच्या आंदोलनात पडले आणि तीन वर्षं पत्रकं लिहिली. पत्रक ही कारागिरी आहे, उगाच नाकं मुरडू नका. वाचणारा चालत असतो, त्याच्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते, तुमच्या वाट्याला त्याची वीस पावलं येतात. पहिल्या ओळीत काय चुकलंय ते सांगायचं, शेवटच्या ओळीत त्याने काय करायचं ते सांगायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की छापायच्या आधी ते पत्रक ज्याच्यासाठी आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. मी पहिलं पत्रक मेसमध्ये भांडी घासणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं होतं. त्यांनी हात न थांबवता ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यात माझं काय हाय?" काहीच नव्हतं. पुन्हा लिहिलं.

परत आल्यावर इंटरव्ह्यूला फादीने लेखनाचा नमुना मागितला. फादी आमचा मॅनेजर, मूळचा बैरूतचा, पन्नाशीचा, सगळ्या जगाला हबीबी म्हणणारा. माझ्याकडे नमुना म्हणून पत्रकंच होती. त्यातलं एक इंग्रजीत करून दिलं. त्याने वाचलं, अर्धा ग्लास पाणी प्यायला आणि विचारलं, हबीबी, व्हायोलिनवर एवढं चिडता येईल का? मी म्हटलं, येईल. आईने त्या संध्याकाळी एकच गोष्ट सांगितली: "चळवळ कर, पण व्हिसा रिन्यू होईल एवढीच."

चिडायला काही कमी पडलं नाही. पहिल्या वर्षी मी कागद निवडला तो चकचकीत, जाड, पत्रकासारखा रस्त्यावर फडफडणारा. सभागृहात एक बाई व्हायोलिनवर अगदी हळू, श्वासाएवढं वाजवत होत्या आणि नेमकं त्याच वेळी तीनशे माणसांनी पान उलटलं. बाईंनी वर बघितलं. छप्पर कोसळतंय का हे बघत होत्या. तेव्हापासून मी मऊ, खरबरीत कागद घेते आणि घडीच्या पलीकडे वाक्य जाऊ देत नाही, म्हणजे उलटायची घाई होत नाही.

मग टाळ्यांचे पोलीस. पाश्चात्त्य संगीतात एक रचना तीन-चार भागांत असते. मधल्या थांब्याला टाळी वाजवली की काही लोक असे वळून बघतात, जसं काही तुम्ही देवळात बूट घालून आलात. पहिल्या रांगेत कायम बसणारे एक गृहस्थ मला दर महिन्याला ईमेल करायचे की कागदावर ठळक अक्षरात छापा, मध्ये टाळ्या वाजवू नयेत. मी दर महिन्याला उत्तर द्यायचे की ज्यांनी हे संगीत रचलं त्यांच्या काळात लोक खुशाल मध्ये टाळ्या वाजवायचे, तुम्ही कोण? फादी माझं उत्तर उघडायचा, 'तुम्ही कोण' काढायचा, 'आपल्या सूचनेबद्दल आभार' घालायचा आणि पाठवायचा.

आणि दुबईच्या देऱ्यातले अत्तरवाले शेठ. त्यांच्या दुकानाचं नाव कागदाच्या मागे यायचं होतं, पण शेजारी बाखचं चित्र बघून ते अडून बसले. हा माणूस रागावलेला दिसतो, माझ्या दुकानाशेजारी रागावलेला माणूस नको, हसरा फोटो लावा. मी सांगितलं की तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस आहे, हसरा फोटो नाही, आणि त्याला वीस मुलं होती. शेठनी चित्र डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाले, "बीस? फिर ठीक है, रहने दो."

ह्या बाखमुळेच पुढचं सगळं घडलं. योहान सेबास्टियन बाख, जर्मन. मी यायच्या आधी त्याच्यावर जे कागद छापले होते ते मी काढून वाचले आणि माझं डोकं फिरलं. दैवी प्रतिभा. संगीताचा महासागर. स्वर्गीय गणित. अरे, स्वर्गात रजेचा अर्ज करावा लागतो का? बाखला लागला. विशीत तो एका गावात चर्चचा ऑर्गन वाजवायच्या नोकरीत होता. चारशे किलोमीटरवर एक म्हातारा उस्ताद आहे म्हणून त्याला ऐकायला चार आठवड्यांची रजा घेऊन पायी गेला. परत आला चार महिन्यांनी. गावच्या पंचांनी बोलावून झापलं, तर म्हणतो, मी बदली माणूस ठेवला होता की. पुढे लाइपझिग शहरात नोकरी लागली ती आधीच्या पसंतीचे दोघं आले नाहीत म्हणून. तिथे शाळेतल्या मुलांना शिकवायचं, त्यांची शिस्त बघायची, आणि पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी चर्चसाठी नवंकोरं संगीत लिहून, मुलांकडून बसवून, सादर करायचं. दर रविवारी. आणि वर शहराच्या कौन्सिलशी भांडण. हा कुठला महासागर, हा आपल्यातला नोकरदार माणूस आहे, हे मी ऑफिसात उभी राहून सांगितलं. फादी म्हणाला, यल्ला, चल, मग लिही.

मी लिहिलं. पण लिहिताना जाणवत होतं की ज्याला ही गोष्ट ऐकताक्षणी कळेल तो माणूस आमच्या सभागृहात कधी येतच नाही. तो रुवैसला आहे.

रुवैस म्हणजे अबू धाबीहून पश्चिमेला अडीच तास, रिफायनरीचं गाव. बाबांनी तिथे बरीच वर्षं काढली आणि तिथलेच त्यांचे मित्र म्हणजे गावडेबुवा. कुडाळकडचे, चौपन्न वर्षांचे, एका कंत्राटदार कंपनीत स्कॅफोल्डिंगचे फोरमन. स्कॅफोल्डिंग म्हणजे आपली परांची, फक्त लोखंडी आणि सहा मजली. बुवा ही पदवी मात्र भजनाची. आमच्या घरी गणपतीत दरवर्षी त्यांचं मंडळ दोन गाड्या भरून यायचं, पेटी-मृदंग घेऊन, आणि शेजारचा पॅलेस्टिनी डॉक्टर सहकुटुंब ऐकायला जिन्यात बसायचा. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून बुवा मला 'बाय' म्हणतात.

दोन वर्षं बुवांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गावी परत जायचं, आवाज आहे तोवर. त्यांच्याकडे जत्रेत डबलबारी होते. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचं, मागे दोघांची झील, म्हणजे साथीला गाणारी मंडळी. तरुणपणी बुवा ह्यात नाव काढून होते. एकोणीस वर्षं रुवैसला घालवली आणि प्रत्येक डबलबारी मोबाइलवर बघितली. आता वरचा स्वर लावताना आवाज फाटायला लागला होता. "अजून दोन वर्सां ऱ्हवलंय तर नुसती पेटी वाजवीन," असं बाबांना म्हणाले होते. पण कंपनी सोडत नव्हती. साहेबाला विचारलं की साहेब म्हणायचा, शटडाऊन होऊ दे, मग बघू, इन्शाल्ला. शटडाऊन म्हणजे रिफायनरीचा एखादा भाग बंद ठेवून दुरुस्ती. तेव्हा सगळीकडे परांची लागते आणि गावडेंशिवाय पान हलत नाही. एक शटडाऊन झाला की दुसरा यायचाच.

हे ऐकलं की माझं रक्त उकळायचं. मी बुवांना म्हणायचे, कायदा तुमच्या बाजूने आहे. बुवा म्हणायचे, "होय गो बाय," आणि भजनाला सुरुवात करायचे.

तर गेल्या वर्षी मी फादीच्या मागे लागले की मार्चमध्ये बाखचा वाढदिवस येतो, तेव्हाचा कार्यक्रम रुवैसला करू, कामगारांसाठी. तीन महिने लागले. फादी वैतागून म्हणाला, खलास, घे तुझं रुवैस. बुवांच्या कंपनीने रिक्रिएशन हॉल द्यायचं कबूल केलं, रविवारी संध्याकाळी पाचला. पियानो वाजवायला आमच्याकडे शिकवणारी इंग्रिड तयार झाली. ती स्वतः जर्मन, साठीची, उंच आणि तिरसट. तिने एकच अट घातली: श्रोते झोपले तरी चालतील, चित्रीकरण करायचं नाही.

कागद हिंदीत आणि मराठीत. मी चार बाजू मनापासून लिहिल्या आणि नियमाप्रमाणे छापायच्या आधी बुवांना फोनवर वाचून दाखवल्या. त्यांची साइट सुटली होती, मागे नळाचा आणि भांड्यांचा आवाज. रजेची गोष्ट आली तेव्हा खोलीभर हशा पिकला. फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं. मग मी ती स्पर्धेची हकिकत वाचली. एक फ्रेंच वादक फार मिरवत होता, त्याचा आणि बाखचा सामना ठरला, लोक जमले, बाख येऊन बसला, आणि कळलं की फ्रेंच गडी सकाळच्या घोडागाडीने पसार झालाय. मग बुवा म्हणाले, "पळालो? डबलबारी सोडून?" आणि असे हसले की त्यांना खोकला लागला. "मगे तो खरो बुवा गो."

शेवटी मी राखून ठेवलेला परिच्छेद वाचला. वायमारच्या ड्यूककडे बाख नोकरीला होता. त्याने नोकरी सोडायची म्हटलं. ड्यूक सोडेना. बाख हट्टाला पेटला, तेव्हा ड्यूकने त्याला तुरुंगात टाकलं. जवळजवळ चार आठवडे. आणि मग शेवटी सोडलं. ह्या परिच्छेदात मी माझं सगळं पुणं ओतलं होतं. वाचून झाल्यावर मला वाटलं, तिकडे मुठी वळल्या असतील.

बुवांनी विचारलं, "तेणा दुसरी नोकरी आधी बघलेली काय?"

बघितली होती. दुसऱ्या राजाची नोकरी त्याने आधीच पक्की केली होती आणि मगच ह्याच्याकडे सुटका मागितली. हे मला माहीत होतं आणि मी गाळलं होतं, कारण त्याने ड्यूक जरा कमी वाईट दिसतो. आजही ह्याची मला लाज वाटते. भांडी घासणाऱ्या मावशींना फसवता आलं नाही, तर परांचीवाल्याला काय फसवणार. मी म्हटलं, हो, बघितली होती. "मगे ता पण लिही," बुवा म्हणाले. "लोकांका सगळा सांगूचा." लिहिलं. परिच्छेद लांबला, आणि खरं सांगायचं तर सुधारला.

आणि फादीने तो उडवला.

अख्खा परिच्छेद. कंपनी हॉल देतेय, त्यांच्याच कामगारांच्या हातात नोकरी सोडणाऱ्याला तुरुंगात टाकल्याची गोष्ट द्यायची नाही, असं त्याचं म्हणणं. कंपनीने काही म्हटलेलं नव्हतं, ह्याने स्वतःच आधी घाबरून घेतलं. मी म्हटलं, तीनशे वर्षांपूर्वीचा तुरुंग आहे. तो म्हणाला, "हबीबी, तुरुंग जुना होत नाही." हे वाक्य चांगलं होतं म्हणून मला आणखी राग आला. त्याने सांगितलं, त्या जागी चित्र टाक. मी टाकलं नाही. चौथ्या पानाचा खालचा अर्धा भाग तसाच कोरा ठेवला आणि मुसाफ्फाच्या प्रेसला फाइल पाठवून दिली. प्रेसवाल्याने दोनदा फोन केला, मॅडम, नीचे कुछ छूट गया है. मी म्हटलं, छूटा नहीं है, निकाला गया है. वैसे ही छापो.

आम्ही रविवारी दुपारी व्हॅनमध्ये इलेक्ट्रिक पियानो घालून रुवैसला पोचलो तेव्हा मला वाटलं होतं, हॉल उघडून खुर्च्या मांडाव्या लागतील. खुर्च्या मांडलेल्या होत्या. दारावर तोरण होतं. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर चौकटीत बाख. मी बुवांना पाठवलेल्या कागदाच्या पीडीएफमधून काढून, मोठा करून, फ्रेम केलेला, विगसकट. गळ्यात गणपतीतला प्लास्टिकच्या झेंडूचा हार. कपाळाला काचेवरून गंध. समोर बॅटरीचा दिवा, कारण हॉलच्या सेफ्टीवाल्याने खऱ्या ज्योतीला मनाई केली होती, आणि एक नारळ. मी 'वाढदिवस' लिहिलं होतं. मंडळींनी ते वाचून जयंतीची तयारी केली होती, कारण मोठ्या माणसाची जयंतीच असते.

फादीने चौकटीकडे बघून मला हळूच विचारलं, हे कोण वारलं? मी म्हटलं, बाख. तो म्हणाला, ते मला माहीत आहे.

इंग्रिड टेबलासमोर जाऊन उभी राहिली. मला भीती होती की ती काहीतरी तिरसट बोलेल. तिने विचारलं, मी काय करायचं असतं? इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातल्या गावडेबुवांनी तिच्या हातात नारळ दिला आणि बाहेरच्या पायरीकडे बोट दाखवलं. तिने एका फटक्यात फोडला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई कामाची हा." पाचच्या ठोक्याला हॉल भरला. मराठी, मल्याळी, नेपाळी, पहिल्या रांगेत कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर वालियासाहेब, पंजाबी, भरघोस मिशा, बुवांना दोन वर्षं इन्शाल्ला सांगणारे हेच. मी त्यांच्याकडे ड्यूककडे बघावं तशी बघत होते. त्यांनी मला चहाला विचारलं.

संगीताबद्दल मी स्टेजवरून एवढंच सांगितलं की आपल्याकडे बुवा ओळ गातो आणि झील तीच मागून उचलते. इथे उजवा हात ओळ म्हणतो, डावा ती उचलतो, पण तो नुसती साथ करत नाही, स्वतःच बुवा होतो. मग दोन्ही बुवा एकाच वेळी, कुणी कुणाच्या अंगावर न जाता. टाळ्यांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. आणि मग इंग्रिड वाजवायला लागली, आणि तिसऱ्या तुकड्याला मागच्या रांगांमधून ताल सुरू झाला. टाळी नाही, मांडीवर बोटं, अगदी बारीक, पण दीडशे माणसांची. पहिल्या रांगेतले ते ईमेलवाले गृहस्थ असते तर त्यांना बाहेर न्यावं लागलं असतं. इंग्रिडने मान वळवली नाही, पण मला तिचा चेहरा बाजूने दिसत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिला वाजवताना हसताना बघितलं. डावा हात एकदा फार जोरात आला तेव्हा एक सावंत म्हणून मृदंगवाले आहेत ते शेजारच्याला म्हणाले, "झीलवाल्यांका बढती दिल्यानी वाटता."

शेवटी मी विचारलं, कुणाला काही प्रश्न? इंग्रिडला, असं मला म्हणायचं होतं. गावडेबुवा उठले. हातात कागद, चौथं पान वर.

"साहेब," ते म्हणाले, आणि सगळा हॉल इंग्रिडकडून वालियासाहेबांकडे वळला. "ये जो खाली जगह है, इसमें एक गोष्ट था. छापा नहीं. मैं बोलूँ?"

फादीने डोळे मिटले. साहेब म्हणाले, बोल.

आणि बुवांनी सांगितली. बसून सांगण्याची सवय असलेला माणूस उभा राहून सांगत होता, पण काय सांगितली. ड्यूकचा आवाज वेगळा, बाखचा वेगळा. दुसरी नोकरी आधी बघितली होती हेही सांगितलं, काही लपवलं नाही. मी लिहिलेल्यातला एकही अंगार त्यात नव्हता आणि लोक खुर्चीच्या टोकावर आले होते. मग थांबले, आणि साध्या आवाजात म्हणाले, "साहेब, उसको छोड़ने को उसके मालिक को चार हफ्ता लगा. मेरे को दो साल हो गया."

मी मनात बुवांची नोकरी गेल्याचं पत्रक लिहायला घेतलं होतं, मथळ्यासकट. वालियासाहेब उठले. उंच माणूस आहेत.

"गावडे, मेरे पास तो जेल भी नहीं है," ते म्हणाले. कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "काग़ज़ कहाँ है? दो साल में तूने एक काग़ज़ दिया मुझे?"

दिला नव्हता.

हे मला माहीत नव्हतं. मी, जिचं सगळं आयुष्य कागदावर चाललंय, तिने दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की अर्ज दिलात का. बुवांनी दोन वर्षं चहा पिता पिता तोंडी विचारलं होतं. ज्या माणसाने आपल्याला एकोणीस वर्षं नावाने हाक मारली, बापाच्या आजारपणात स्वतः विमानतळावर सोडलं, त्याच्या हातात कागद कसा द्यायचा? कागद भांडण झाल्यावर देतात. आणि साहेबांना ते खरं वाटलंच नव्हतं. गल्फमध्ये प्रत्येक माणूस दरवर्षी म्हणतो, बस, यंदाचं शेवटचं. माझे बाबा अकरा वर्षं म्हणत होते. म्हणून साहेब इन्शाल्ला म्हणायचे, आणि बुवा त्याचा अर्थ नाही असा घ्यायचे. मी मात्र त्यातून एक आख्खा ड्यूक उभा केला होता.

"सच में जाना है?" साहेबांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"गाना है, साहेब," बुवा म्हणाले. "आवाज है तब तक."

"तो लिख. अभी लिख."

कागद कुणाकडे नव्हता. म्हणजे होता, सगळ्यांकडे होता. बुवांनी चौथं पान टेबलावर, बाखच्या समोर ठेवलं, मी पेन दिलं आणि त्यांच्या कानाशी वाक्यं सुचवायला सुरुवात केली, कलमांसकट. बुवांनी डावा हात वर केला, भजनात झीलवाल्यांना थांबवायला करतात तसा. मी थांबले. त्यांनी हिंदीत चार ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचल्या. "आदरणीय साहेब. उन्नीस साल आपके यहाँ काम किया. अब गाँव जाकर भजन करना है, मुझे छोड़ दीजिए. यह शटडाउन पूरा करके जाऊँगा." शेवटची ओळ ऐकून मला ओरडावंसं वाटलं. पण अर्ज माझा नव्हता.

साहेबांनी खाली सही केली, तारीख टाकली आणि म्हणाले, एचआरचा ऑनलाइन फॉर्म पण भरावा लागेल, पण हा त्याला जोडू. मग त्यांनी इंग्रिडला सांगितलं, मॅडम, और एक बजाइए. आता मात्र खऱ्या टाळ्या पडल्या, रचना सुरू व्हायच्या आधीच. कार्यक्रम संपल्यावर सवयीने मी रांगांमधून फिरले. खुर्च्यांवर एकही कागद नव्हता.

परतीच्या वाटेवर फादी खिडकीबाहेर बघत म्हणाला, बघितलंस, मी म्हटलं होतं ना, ती जागा रिकामी चांगली दिसते. असं त्याने कधीही म्हटलं नव्हतं. मी त्याच्याशी मुसाफ्फा येईपर्यंत भांडले. यंदाच्या कागदात तुरुंगाचा परिच्छेद छापून आलाय, दुसऱ्या नोकरीसकट. वालियासाहेबांच्या ऑफिसातून फोन आला होता की पुन्हा याल तेव्हा वो जेलवाला किस्सा ज़रूर डालना.

बुवा शटडाऊन पुरा करून गेले. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रेसमध्ये प्रूफ बघत उभी होते तेव्हा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. आवाज पार बसला होता, म्हणजे रात्र चांगली गेली असणार. मागे कोंबडा आणि कुणाची तरी बालदी. मी मशीन बंद करायला सांगितली आणि फोन कानाला लावला.

"समोरचो बुवा पळालो नाय गो बाय," ते म्हणत होते. "तुझ्या जर्मनासारख्या काय माझ्या नशिबात नाय. पण ऐक. मी ओळ टाकलंय, आणि तेणा तीच ओळ उचलल्यान आणि माझ्याच पाठसून लावल्यान. थांबलोच नाय. मगे मी पण थांबाक नाय. दोघवय एकदम. लोक उठान उभे." मग खोकला, आणि बराच वेळ नुसता कोंबडा. मला वाटलं मेसेज संपला.

"मजा इली," बुवा म्हणाले.